कोणालाही न आठवणारी टेकाडे : कुवेतच्या खाणी आणि जमिनीतला इतिहास

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



दगडाची किंवा खडीची खाण वाढवायची असेल, तर नव्या जमिनीला हात लावण्यापूर्वी तिथे पुरातन अवशेष असण्याचा संभव किती आहे हे कसे ठरवावे, असा आजचा विषय आहे. हा विषय इंजिनिअरांचा किंवा पुरातत्त्वज्ञांचा आहे, त्याचे सिनेगॉगमध्ये काय काम, असे कोणाच्या मनात आले तर ते स्वाभाविक आहे. माझ्यापाशी याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की हा प्रश्न आपल्या रब्बींनी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत विचारला होता आणि त्याचे नेमके उत्तरही दिले होते. दुसरे असे की आपल्या समाजाचा आरंभ जिथून सांगितला जातो, त्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्यासाठी कोणताही शिलालेख नाही. आहेत ती केवळ टेकाडे. ज्यांचे पूर्वज टेकाडांखाली निजले आहेत, त्यांना या प्रश्नाकडे परकेपणाने पाहता येणार नाही.

उदाहरणासाठी मी कुवेत निवडले आहे. हा देश मुंबईला कधीच दूर नव्हता. १९६१ पर्यंत तिथल्या बाजारात रुपया चालत असे. कुवेती नाखवे खजूर घेऊन आपल्या किनाऱ्यावर येत आणि जहाजबांधणीसाठी मलबारचे सागवान घेऊन परतत. तिथे इराकमधून आलेल्या ज्यूंची लहानशी वस्तीही होती. अरबी संगीतात अजरामर झालेले सालेह आणि दाऊद अल्-कुवैती हे बंधू तिथेच जन्मले. पण कुवेत निवडण्याचे खरे कारण त्याच्या भूमीत आहे. ज्या जमिनीकडे पाहून कोणीही सहज म्हणेल, ‘इथे काय असणार?’, अशी ती जमीन आहे.

कुवेतचा बहुतेक प्रदेश सपाट आहे. उत्तरेच्या वाळवंटात दिब्दिब्बा नावाचा गोट्यांचा आणि वाळूचा थर पसरलेला आहे. अतिप्राचीन काळी अरबस्तानातून वाहत आलेल्या प्रवाहांनी तो आणून टाकला. खनिज तेलाचे दिवस आल्यावर घरे, रस्ते, बंदरे यांसाठी खडीची मागणी अपार वाढली आणि या थरात जागोजागी खाणी पडल्या. कुवेतच्या आखाताच्या उत्तर काठाला ‘जाल अझ्-झोर’ नावाचा कडा आहे. या सपाट देशात उघडा खडक दिसावा अशा ज्या थोड्या जागा आहेत, त्यांत हा कडा आणि त्याच्या पूर्वेचा सबिया हा प्रदेश मोडतो. २०१९ मध्ये शेख जाबेर पूल खुला झाला आणि राजधानीपासून सबियापर्यंतचे अंतर एकाएकी कमी झाले. तिथे एक मोठे नवे शहर वसवण्याची योजनाही अनेक वर्षे चर्चेत आहे. जिथे शहर येते, तिथे खडी, मुरूम आणि दगड यांची भूकही येते.

या सबियाच्या खडकाळ उंचवट्यांवर दगडांच्या राशी आहेत. दुरून पाहिले तर कोणी शेत साफ करताना धोंडे एकत्र टाकले असावेत असे वाटते. पण त्या कबरी आहेत. वॉर्सा विद्यापीठाचे संशोधक आणि कुवेतची राष्ट्रीय संस्कृती, कला व साहित्य परिषद यांच्या संयुक्त पथकाने २००७ पासून त्यांचा अभ्यास केला. मृतावर सपाट दगड रचून ही रास उभारलेली असे, आणि तिच्यासाठी लागणारा दगड तिथल्याच खडकातून घेतलेला असे.

इथे क्षणभर थांबूया, कारण सगळ्या विषयाचे मर्म या गोष्टीत आहे. प्राचीन माणूस आणि आजचा कंत्राटदार एकाच जागी येतात, तो योगायोग नसतो. चांगला दगड जिथे वर आलेला असतो, तिथे दोघेही जातात. उंचवटा कोरडा असतो, तिथून दूरवर दिसते आणि जाण्यायेण्याची वाटही बहुधा तिथूनच जाते. म्हणून खाणीसाठी उत्तम ठरलेली जागा पुरातत्त्वाच्या दृष्टीने रिकामी असेल असे गृहीत धरणे म्हणजे उलट्या दिशेने विचार करणे होय. खाणीचा विस्तार करताना तर ही शंका अधिकच घ्यावी लागते. पहिल्या खाणीच्या वेळी कोणी पाहिलेच नसेल, तर ‘आजवर काही सापडले नाही’ हे वाक्य पुरावा म्हणून मांडता येत नाही.

त्याच सबियात, समुद्राजवळच्या एका लहानशा उंचवट्यावर, हॅरिएट क्रॉफर्ड आणि रॉबर्ट कार्टर यांच्या ब्रिटिश पथकाने १९९८ पासून काही वर्षे कुवेती सहकाऱ्यांबरोबर उत्खनन केले. अभ्यासकांच्या नोंदीत या जागेचे नाव केवळ ‘एच-३’ असे आहे. वरवर पाहता तिथे शिंपले, खापऱ्या आणि विस्कटलेले दगड होते. खाली निघाली ती सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची वस्ती : एकमेकींना लागून बांधलेल्या दगडी खोल्या, मेसोपोटेमियातून आलेली रंगीत उबैद मृद्भांडी, भोक पाडलेला एक मोती, मातीची छोटी नाव, आणि दोन पायांच्या डोलकाठीची होडी रंगवलेली एक चकती. या सर्वांहून मोलाचे ठरले ते डांबराचे तुकडे. त्यांच्या एका अंगाला बोरूचे आणि दोरीचे ठसे होते, तर दुसऱ्या अंगाला समुद्रातल्या होड्यांच्या तळाला चिकटतात तसले कालवांसारखे कवचधारी जीव चिकटलेले होते. म्हणजे बोरूच्या मोळ्या बांधून केलेल्या आणि डांबराने लिंपलेल्या होड्या खऱ्या समुद्रात हिंडून आल्या होत्या. समुद्रात चाललेल्या नावांचे जगातले जे सर्वांत जुने अवशेष आज ठाऊक आहेत, त्यांत यांची गणना होते. रासायनिक तपासणीवरून ते डांबर कुवेतच्याच बुरगान टेकडीजवळच्या झिरप्याचे असल्याचे दिसून आले. त्याच बुरगानखाली विसाव्या शतकात जगातल्या सर्वांत मोठ्या तेलसाठ्यांपैकी एक सापडला.

आपल्याला ही होडी अनोळखी वाटू नये. नोहाला तारू आतून-बाहेरून लिंपायला सांगितले, तेव्हा तोरातला शब्द ‘कोफेर’ असा आहे. योखेवेदने बाळ मोशेसाठी लव्हाळ्याची पेटी केली, तेव्हा तिला लावले ते ‘हेमार’ आणि ‘झेफेत’. दर वर्षी आपण हे परशा वाचतो. बोरू आणि डांबर यांचे ते जग कसे होते, याचा हातात धरता येईल असा पुरावा एच-३ च्या उंचवट्याने दिला. खाणीचा रस्ता करण्यासाठी एखाद्या यंत्राने तो उंचवटा एका सकाळी सपाट केला असता, तर डांबराचे ते काळे तुकडे कोणाच्याही नजरेस पडले नसते.

वाळवंटातला हा धोका विशेष समजून घेण्यासारखा आहे. आपल्या देशावर जुनी वस्ती मातीच्या थरांखाली दडलेली असते. आपले गावकरी अशा जागेला ‘पांढरी’ म्हणतात आणि काळ्या जमिनीपासून ती नजरेनेच वेगळी ओळखतात. वाळवंटात मात्र वारा माती उडवून नेतो आणि हजारो वर्षांच्या वस्तू एकाच पातळ पृष्ठभागावर उघड्या राहतात. तिथे वरचा वीतभर थर खरवडला की इतिहासच खरवडला जातो. खाली काही शिल्लक राहील अशी आशा नसते. शिवाय खाण म्हणजे केवळ खड्डा नव्हे. डंपरचा रस्ता, क्रशरची जागा, वरची निरुपयोगी माती टाकायचे ढीग, सुरुंगांचे हादरे, हे सारे मिळून खाणीची खरी हद्द होते, आणि नकाशावर रेखलेल्या चौकोनापेक्षा ती नेहमीच मोठी असते.

आता मिश्नाकडे वळूया. ‘तोहोरोत’ या विभागात ‘ओहोलोत’ नावाचा ग्रंथ आहे आणि त्याचा सोळावा अध्याय मी आपणांस आवर्जून वाचायला सांगेन. प्रश्न कोहेनच्या शुद्धतेचा आहे. एखाद्या जागी कबर असण्याचा संभव असेल तर तिथे पाऊल ठेवावे की नाही? रब्बी प्रथम टेकाडांचा विचार करतात. गावाजवळची किंवा रस्त्याजवळची टेकाडे, नवी असोत वा जुनी, विटाळाची मानावीत. दूरची नवी असतील तर शुद्ध, जुनी असतील तर विटाळाची. मग जवळ म्हणजे किती आणि जुने म्हणजे किती, याची चर्चा येते. रब्बी मेईर म्हणतात, जवळ म्हणजे पन्नास हात आणि जुने म्हणजे साठ वर्षे. रब्बी येहुदांचे मत निराळे आहे. त्यांच्या मते जिच्याहून जवळ दुसरे टेकाड नाही ती जवळची, आणि जिची आठवण कोणाही माणसाला उरलेली नाही ती जुनी.

पुढची हलाखा अधिक सूक्ष्म आहे. जमीन खणताना एक प्रेत रीतीप्रमाणे निजवलेले सापडले तर ते भोवतालच्या मातीसह हलवता येते. दोन सापडली तरी तसेच. पण तीन सापडली आणि त्यांच्यातले अंतर ठरावीक मापात असेल, तर ते कब्रस्तान ठरते. मग तिथून पुढे वीस हात जमीन तपासावी लागते. वीस हातांच्या शेवटी आणखी एक सापडले, तर पुन्हा वीस हात. तपासणी कशी करावी हेही सांगितले आहे. एक हात लांब, एक हात रुंद खणावे, एक हात सोडावे, आणि खडक किंवा कधीही न हललेली मूळ माती लागेपर्यंत खाली जावे.

श्रोतेहो, आजचा पुरातत्त्वज्ञ खाणीच्या विस्तारापूर्वी जे करतो ते याहून फारसे वेगळे नाही. प्रथम तो कागदपत्रे पाहतो : जुने नकाशे, विमानातून घेतलेली छायाचित्रे, आसपास पूर्वी सापडलेल्या वस्तूंच्या नोंदी, प्रवाशांची वर्णने. रब्बी मेईर यांचा ‘जवळ आणि जुने’ हा विचार तो हाच. मग तो जमीन पायाखाली घालतो. ठरावीक अंतराच्या समांतर रेषांवरून माणसे चालतात आणि दिसेल ती खापरी, गारगोटीचे हत्यार, दगडांची मांडणी नकाशावर नोंदवतात. जुन्या खाणीची उभी भिंत हे तर त्याच्यासाठी उघडे पुस्तक असते. वर माती किती, मध्ये राख किंवा शिंपल्यांचा पट्टा आहे का, हे तिथे आयते वाचता येते. त्यानंतर जमिनीतले चुंबकीय फरक मोजणारी उपकरणे फिरवली जातात. भाजलेली चूल किंवा बुजलेला चर त्यांत उमटतो. शेवटी चाचणीचे चर खणले जातात, थोडे खणायचे, थोडे सोडायचे, आणि मूळ माती लागेपर्यंत खाली जायचे. तसे पाहिले तर एक हात खणून एक हात सोडण्याची मिश्नातली रीत बहुतेक आधुनिक चाचण्यांपेक्षा कडक आहे, कारण आज खणला जाणारा भाग एकूण जमिनीचा अगदी लहान अंश असतो.

या साऱ्या तपासणीतून निर्णय निघतो. संभव मोठा असेल तर ती जागा सोडून खाणीची दिशा बदलायची. संभव मध्यम असेल तर खाणीपूर्वी रीतसर उत्खनन करून सर्व नोंदून ठेवायचे. कमी असेल तर वरचा थर काढताना जाणकार माणूस उभा ठेवायचा आणि काही दिसले तर काम थांबवण्याचा अधिकार त्याला द्यायचा.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. घरे बांधायची आहेत, मजुरांना काम हवे आहे, उशिराचा खर्च कोणी सोसायचा? याचेही उत्तर मिश्नाच्या मांडणीत आहे असे मला वाटते. मिश्ना सगळे शेत कायमचे बंद करीत नाही. ती माप देते, पद्धत देते आणि तपासणी पूर्ण झाली की जमीन मोकळी करते. चांगली पूर्वतपासणी खाणमालकाचीही मित्र असते, कारण यंत्रे आल्यावर, करार झाल्यावर कबर निघाली तर नुकसान दोन्ही बाजूंचे होते. एक गोष्ट मात्र ती ठाम ठेवते : शंकेचे निरसन करण्याचे ओझे खणणाऱ्यावर आहे, जमिनीखाली मुक्याने निजलेल्यावर नाही.

नशिबावर विसंबणे आणि तपासून पाहणे यांतला फरक कुवेतच्याच फैलका बेटावर स्पष्ट दिसतो. १९३७ मध्ये तिथे एक कोरीव दगड हाती आला. अथेन्सच्या सोतेलेस नावाच्या माणसाने आणि त्याच्या सैनिकांनी झ्यूस, पोसायडन आणि आर्टेमिस यांना केलेले ते अर्पण होते. दगड बोलत होता, पण तो एकटाच होता. १९५८ मध्ये पी. व्ही. ग्लोब आणि जेफ्री बिबी यांच्या डॅनिश पथकाने बेटावरच्या टेकाडांची पद्धतशीर पाहणी सुरू केली, तेव्हा चार हजार वर्षांपूर्वीची दिल्मुन संस्कृतीची वस्ती, शेकडो कोरीव मुद्रा आणि तटबंदी असलेला एक ग्रीक किल्ला उजेडात आला. १९६० मध्ये किल्ल्यातल्या देवळापाशी चव्वेचाळीस ओळींचा शिलालेख मिळाला. इकारोस बेटाच्या रहिवाशांना उद्देशून लिहिलेले ते एका सेल्युकिड अधिकाऱ्याचे पत्र होते. त्याच साली कुवेतने पुरावस्तूंच्या रक्षणाचा कायदाही केला.

सेल्युकिड हे नाव ऐकताच आपल्याला हनुक्का आठवला पाहिजे. ज्या अंतिओखसविरुद्ध मक्काबी उठले, त्याच राजघराण्याची ही दूरची चौकी. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या पूर्वजांचे प्रस्थान त्याच अंतिओखसच्या काळात, इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास मानले. त्यांचा बेने इस्राएलांवरचा ग्रंथ १९३७ मध्ये, म्हणजे फैलकाचा दगड सापडला त्याच वर्षी, प्रकाशित झाला. या दोहोंत थेट संबंध जोडण्याचा मोह कोणी करू नये. पण आपल्या पूर्वजांच्या कथेतला राजा पुस्तकाबाहेर, दगडामातीत कुठे भेटतो, हे फैलकाने दाखवले. खणण्यापूर्वी पाहणारे लोक तिथे पोहोचले, म्हणून ते दिसले.

आता घरी परतूया, कारण हा प्रश्न कोकणात अधिक तीव्र आहे. रत्नागिरी-राजापूरच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली शेकडो कातळशिल्पे आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. गावकरी अशा चित्रांना ओळखत होते. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव विचारपूस करीत, सडे तुडवीत त्यांची नोंद केली. २०२२ मध्ये कोकणातल्या या शिल्पांची निवडक ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. पण ज्या जांभ्यावर शिल्प आहे, त्याच जांभ्याचे चिरे घरांना लागतात. चिरेखाणीचे यंत्र सड्याचा वरचा थरच कापून नेते, आणि शिल्प त्या थरातच असते. आपला कायदा घोषित राष्ट्रीय स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत मनाई करतो आणि पुढे दोनशे मीटर नियंत्रण ठेवतो. तो ज्ञात वस्तूचे रक्षण करतो. जे अजून कोणी पाहिलेच नाही, त्याचे रक्षण केवळ पूर्वतपासणी करू शकते. मुंबईत कांदिवलीच्या परिसरात नौदल अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी अश्मयुगीन हत्यारे शोधून १९३९ मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला. आज तिथे इमारतींच्या रांगा आहेत; टॉडचा लेख उरला, जमीन उरली नाही.

शेवटी नवगाव. फुटलेल्या तारवातून वाचलेली सात जोडपी आणि किनाऱ्याला लागलेल्या मृतांची टेकाडे, ही कथा आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे. त्या टेकाडांवर नाव नाही, तारीख नाही. बाहेरच्या माणसाला ती मातीचे उंचवटे वाटतील. ती कबरी आहेत हे कळते ते केवळ आपण ते सांगत आलो म्हणून. रब्बी येहुदांच्या मापाने ती अजून ‘जुनी’ झालेली नाहीत, कारण त्यांची आठवण असलेली माणसे आहेत. सबियाच्या राशींखाली निजलेल्यांना हे भाग्य लाभले नाही. त्यांचे नाव सांगणारे कोणी उरले नव्हते, म्हणून त्यांच्या वतीने मोजमाप आणि चर बोलले.

म्हणून माझी विनंती साधी आहे. कोकणातल्या आपल्या गावांतून, आडनावांच्या मूळ ठिकाणांतून जुनी कब्रस्ताने, पडक्या विहिरी, तेलाच्या घाण्यांचे दगड, ज्येष्ठांनी दाखवलेली टेकाडे जिथे असतील, त्यांची जागा, दिशा आणि सांगणाऱ्याचे कथन लिहून ठेवा, छायाचित्र काढा आणि ते समाजाच्या दप्तरी द्या. उद्या त्या सड्यावर, त्या टेकडीवर खाणीचा अर्ज आला, तर तपासणी करणारा मनुष्य पहिला प्रश्न हाच विचारील : या जागेबद्दल कोणाला काही आठवते का? त्या दिवशी उत्तर देणारा एक तरी कागद आपल्यापाशी असावा.